पोत्यावर कोण बसणार?

७ नोव्हेंबर जवळ आला की मला शाळांमधून फोन यायला लागतात. १९०० साली याच तारखेला बाबासाहेबांचं नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, दाखल झालं. २०१७ पासून महाराष्ट्र सरकारनं हा दिवस 'विद्यार्थी दिवस' म्हणून साजरा करायला सांगितलं आहे. सूचना आली की शाळेला कार्यक्रम लागतो आणि कार्यक्रमाला पाहुणा लागतो. समाजशास्त्रात एम.ए. झालेली, वस्तीतल्या मुलांमध्ये काम करणारी, एसटीनं येणारी आणि मानधन न मागणारी बाई कोणत्याही शाळेला परवडते. मीही जाते. बाबासाहेबांची गोष्ट सांगायची संधी कशाला सोडायची?

अशाच एका कार्यक्रमात माझ्या हातून जे घडलं ते आज लिहिते आहे. चूक माझी होती. पण तीच चूक आपल्या चळवळीतले अनेक जण चांगल्या हेतूनं दरवर्षी करत असतात, म्हणून ती जाहीरपणे मांडणं मला गरजेचं वाटतं. शाळेचं, गावाचं, मुलाचं नाव लिहिणार नाही. मुलाला आणि त्याच्या आईला विचारूनच हे लिहिते आहे.

माझ्याकडे एक चित्रपुस्तक आहे. 'भीमराव आंबेडकर: द बॉय हू आस्क्ड व्हाय'. लेखन सौम्या राजेंद्रन यांचं, चित्रं सात्विक गडे यांची, प्रकाशन चेन्नईच्या तूलिका या संस्थेचं. २०१५ साली आलेलं हे पुस्तक एका लहान मुलाच्या 'का?' या प्रश्नाभोवती उभं आहे. चित्रांचं पान मुलांकडे करून धरायचं आणि गोष्ट आपल्या मराठीत सांगायची, ही माझी पद्धत. जोडीला बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर टिपणांतले दोन प्रसंग मी माझ्या शब्दांत सांगते. पहिला साताऱ्याच्या शाळेतला. भीमाला वर्गात सगळ्यांपासून वेगळं, कोपऱ्यात, स्वतःच्या तरटावर बसावं लागे. शाळा झाडणारा नोकर त्या तरटाला हात लावत नसे, म्हणून ते संध्याकाळी घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं. नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपायानं नळ सोडला तरच पाणी, शिपाई नसेल तर तहानलेलं राहायचं. दुसरा प्रसंग १९०१ सालचा, मसूर स्टेशनवरचा. त्याच्याकडे पुढे येते.

आमच्या विहारात रविवारी मुलांचा वर्ग भरतो. तिथे मी या पुस्तकावर एक कृती घेतली होती. पोतं अंथरलं, मुलांना विचारलं, "भीमराव कोण होणार?" पंधरा-वीस हात वर. भांडणं सुरू झाली. शेवटी सगळ्यांना आळीपाळीनं बसवलं. एका चिमुरडीनं तर पोत्यावरून उठायलाच नकार दिला. "मी भीमराव आहे, मी अजून शिकतेय," म्हणाली. आम्ही खूप हसलो. मुलांना गोष्ट कळली, आवडली, पाठ झाली. मला वाटलं, कृती जमली. तीच कृती, तेच पोतं घेऊन मी शाळेत गेले.

सहावीचा वर्ग होता, पट बेचाळीस. वर्गशिक्षक आस्थेवाईक होते, त्यांनीच मला बोलावलं होतं. पुस्तक सांगून झालं. मुलं कान देऊन ऐकत होती. मग मी फळ्याजवळ पोतं अंथरलं आणि विहारात विचारलेलाच प्रश्न विचारला.

एकही हात वर झाला नाही.

मी हसून पुन्हा विचारलं. तेवढ्यात मधल्या बाकावरून आवाज आला, "ताई, हा आहे की!" आणि वर्गातल्या सगळ्या माना खिडकीजवळच्या एका मुलाकडे वळल्या. कुणीतरी फिसकन हसलं. मी काही बोलायच्या आत तो मुलगा उठला, चालत पुढे आला आणि पोत्यावर मांडी घालून बसला. त्याला कुणी ढकललं नाही. तो स्वतः आला. यातलं कोणतं जास्त वाईट, हे मला आजही ठरवता येत नाही.

मी त्याच क्षणी थांबायला हवं होतं. थांबले नाही. पाहुणी होते, कार्यक्रम सुरू होता, शिक्षक कौतुकानं बघत होते. एका मुलाला मास्तर केलं, एकीला शिपाई केलं. 'मास्तरा'नं वही लांबून बघितली, 'शिपाया'नं उंचावरून ओंजळीत पाणी ओतलं. दहा मिनिटांनी सगळ्यांना विचारलं, "काय वाटलं?" मुलं भराभरा बोलली. वाईट वाटलं. दया आली. असं करू नये. मग मी पोत्यावरच्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, "काही नाही वाटलं, ताई." तास संपला तेव्हा त्यानं पोत्याची व्यवस्थित घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

त्या संध्याकाळी शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कार्यक्रमाचे फोटो पडले. एका फोटोत तो पोत्यावर बसलेला आणि मागे मी हसत उभी. तो ग्रुप सगळ्या पालकांचा होता.

दहा-बारा दिवसांनी त्याची आई मला शोधत विहारात आली. ती ऊसतोडीच्या आणि भांगलणीच्या कामाला जाते. म्हणाली, "ताई, पोरगं साळंला जाईना झालंय. समदी त्याला 'पोतं' म्हणत्यात." मी काहीतरी सारवासारव करायला लागले. तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तुम्ही आपल्यातल्याच ना?"

मित्रहो, माझ्या कामाबद्दल आजवर बरीच टीका झाली आहे. गावकीकडून झाली, आपल्या लोकांकडूनही झाली. पण या तीन शब्दांना माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मला माझी शाळा आठवली. १४ एप्रिल जवळ आला की बाई म्हणायच्या, "तुमच्या आंबेडकरांवर तू भाषण कर." बाबासाहेब त्यांचे नव्हते, माझे होते. शिष्यवृत्तीचे फॉर्म आले की मोठ्यानं नावं पुकारायचे आणि आम्ही सात-आठ जण भर वर्गात उभे राहायचो. कुणी शिवी दिली नाही, कुणी मारलं नाही, पण बसल्या जागी आम्ही मोजले गेलो. मोठं होऊन समाजशास्त्रात या सगळ्याला नावं असतात हे शिकले, त्यावर पेपर लिहिले. आणि तेच मी एका अकरा वर्षांच्या मुलाला करून दाखवलं, तेही बाबासाहेबांच्या नावानं.

कृतीत नेमकं काय चुकलं, याचा मी पुढचे कित्येक दिवस विचार केला.

पहिली गोष्ट, एकच कृती दोन खोल्यांमध्ये दोन वेगळ्या गोष्टी होते. विहारात सगळी मुलं बौद्ध. तिथे पोतं म्हणजे बाबासाहेबांची जागा, म्हणून त्यासाठी भांडण झालं. शाळेत तेच पोतं म्हणजे 'त्यांची' जागा. अस्पृश्यतेचं नाटक करताना विहारात प्रत्येक मूल नट होतं. शाळेत एकेचाळीस मुलं नट होती आणि एक मुलगा स्वतःच होता.

शिक्षक-प्रशिक्षणांमध्ये अमेरिकेतल्या जेन इलियट या शिक्षिकेचं उदाहरण नेहमी देतात. १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाल्यावर तिनं आयोवातल्या रायसव्हिल या छोट्या गावात तिसरीच्या वर्गात मुलांची डोळ्यांच्या रंगावरून विभागणी केली. एक दिवस एका रंगाची मुलं वरचढ, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या रंगाची. त्या कृतीवरही पुष्कळ टीका झाली आहे. पण आपल्याकडे ती उचलताना एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. त्या वर्गातली सगळी मुलं गोरी होती. डोळ्यांच्या रंगावरून त्यांच्या आज्या-पणज्यांना कुणी विहिरीवरून हाकललं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बाजू उलटत होती. आपल्या वर्गात पोत्याची बाजू उलटत नाही. तास संपल्यावर 'मास्तर' झालेला मुलगा त्याच्या घरी जातो आणि पोत्यावरचा मुलगा त्याच्या वस्तीत जातो.

दुसरी गोष्ट माझ्या प्रश्नाची. "काय वाटलं?" हा प्रश्न दिसायला निरागस आहे. पण त्याचं उत्तर नेहमी दया हेच येतं, आणि दया करणारा दया करता करता वरच्या पायरीवरच राहतो. बाबासाहेबांनी आयुष्यभर हक्क मागितला, आणि मी त्यांच्या गोष्टीतून मुलांना हळहळायला शिकवत होते.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. माझ्या कृतीत सगळ्यांची नजर पोत्यावर होती. पोतं कुणी अंथरायला लावलं, वही लांबून कोण बघत होतं, नळावर कुणाचा ताबा होता, हे सगळं बाजूला पडलं. अत्याचार झालेल्याला आपण मध्यभागी बसवतो आणि अत्याचार करणारा फोटोच्या चौकटीबाहेर सुटतो. चित्रपुस्तकाचं हे पान वाचताना आपला डोळा आपोआप कोपऱ्यातल्या एकट्या मुलावर जातो. शिकवणाऱ्यानं तो डोळा मुद्दाम मोठ्या माणसांकडे वळवायला पाहिजे. मी उलट केलं होतं.

'कृतीतून शिक्षण' हा शब्द आज प्रत्येक शाळेच्या फलकावर असतो. या विचारामागचं मोठं नाव जॉन ड्युई, आणि ड्युई हे कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांचे शिक्षक होते. पण ड्युईंनी १९३८ सालच्या 'एक्स्पीरियन्स अँड एज्युकेशन' या पुस्तकात बजावलं आहे की प्रत्येक अनुभव शिक्षण देतोच असं नाही. काही अनुभव माणसाची पुढची वाढ अडवतात, ते शिक्षणाच्या उलट्या दिशेनं जातात. त्या मुलानं शाळा बुडवायला सुरुवात केली, याहून उलटी दिशा कोणती?

मी आधी त्याच्या घरी गेले. त्याच्यासमोर, त्याच्या आईसमोर माफी मागितली. तो मोबाइलवर काहीतरी बघत होता, वर न बघता "ठीक आहे" म्हणाला. मुलांची माफी इतक्या स्वस्तात मिळते, ही आपल्याला लाज वाटावी अशीच गोष्ट आहे. मग शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना भेटले. फोटो ग्रुपवरून काढायला लावला. आता तो किती जणांच्या मोबाइलमध्ये उतरला होता कोण जाणे. सर माणूस वाईट नव्हते. म्हणाले, "मॅडम, आमच्याकडे जातपात काही नाही. पोरांना हे ठाऊकच नसतं. म्हणून असले विषय काढूच नयेत."

हा युक्तिवाद तुम्हीही ऐकला असेल. मी त्यांना एवढंच विचारलं, "सर, मी 'भीमराव कोण होणार' असं विचारलं तेव्हा एकेचाळीस मुलांच्या माना एका सेकंदात एकाच मुलाकडे वळल्या. हे त्यांना मी शिकवलं का?" मी त्या शाळेत पहिल्यांदाच पाऊल ठेवलं होतं. त्या मुलाचं आडनावही मला माहीत नव्हतं. मुलांना ते माहीत होतं, आडनावाचा अर्थही माहीत होता. माझ्या कृतीनं जात वर्गात आणली नाही, वर्गात असलेली जात उघडी पडली. माझा गुन्हा हा की ती उघडी पाडताना किंमत मी त्या एकट्या मुलाला मोजायला लावली. यावरचा उपाय गप्प बसणं हा नाही. गप्प बसल्यानं माना वळायच्या थांबत नाहीत, फक्त आपल्याला दिसेनाशा होतात.

आपल्या काही कार्यकर्त्यांनी मला उलट बाजूनं सुनावलं. "एवढं काय मनाला लावून घेता? इतिहास कडवटच असतो. पोरांना कळू दे." इतिहास कळलाच पाहिजे, यात वाद नाही. पण तो कळावा म्हणून आपल्याच मुलाला दरवेळी नमुना म्हणून उभं करायचं का? एकोणिसाव्या शतकातलं एक उदाहरण आपल्यासमोर आहे. जोतीराव-सावित्रीमाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. त्यात दुःख आहेच. पण त्या दुःखाचा अभिनय करायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. लेखणी तिच्या हातात होती आणि जाब ती ब्राह्मणांना विचारत होती. वर्गातली कृती कशी असावी, याचा इतका चांगला धडा आपल्या घरात असताना आपण पोतं शोधत फिरतो.

दुसऱ्या सत्रात मी त्याच वर्गात पुन्हा गेले. आधी त्या मुलाला विचारलं, "मी आले तर चालेल का?" तो म्हणाला, "नाटक नाही ना?" नाही म्हटलं. मुख्याध्यापकांनी चार तास दिले. तेच पुस्तक नेलं, पोतं घरी ठेवलं.

पहिल्या तासाला चित्रं पुन्हा दाखवली आणि एकच काम दिलं. या गोष्टीत मोठी माणसं कोण कोण आहेत, त्यांची यादी करा. शिक्षक, शिपाई, झाडणारा नोकर. प्रत्येकापुढे लिहा, त्यानं काय केलं आणि त्याला दुसरं काय करता आलं असतं. सुरुवातीला मुलं म्हणाली, "तेव्हा तसा नियमच होता." मग एका मुलीनं शंका काढली, "नियम होता तर तो लिहिलेला कुठं होता?" अर्धा तास त्यावरच गेला. शिपायानं गुपचूप नळ सोडून ठेवला असता तर? शिक्षकानं एक दिवस तरट उचलून स्वतःच बाकाजवळ ठेवलं असतं तर? कुणाची नोकरी गेली असती, कुणाला गावानं वाळीत टाकलं असतं, हे मुलांनी स्वतःच काढलं. जात म्हणजे कुणा एका दुष्ट माणसाचं काम नाही, ती अनेकांच्या रोजच्या छोट्या छोट्या होकारावर चालते, हे मी एम.ए.ला शिकले. सहावीतल्या मुलांना ते यादी करता करता दिसायला लागलं.

दुसऱ्या तासाला मसूर स्टेशन घेतलं. बाबासाहेबांचे वडील खटाव तालुक्यातल्या गोरेगावला नोकरीवर होते. दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून सरकारनं तिथे तलावाचं काम काढलं होतं, त्यावर ते रोखपाल होते. भीमराव, त्यांचे भाऊ आणि बहिणीची मुलं नवे कपडे घालून रेल्वेनं निघाली. मसूरला उतरली, तर न्यायला कुणीच आलं नव्हतं. स्टेशनमास्तरनं आधी आपुलकीनं चौकशी केली, कारण कपड्यांवरून ही ब्राह्मणाची मुलं असावीत असा त्याचा समज झाला होता. जात कळल्यावर त्याचा चेहरा बदलला आणि तो निघून गेला. अर्ध्या तासानं परत आला. गाडीवाले महाराच्या मुलांना न्यायला तयार नव्हते. शेवटी दुप्पट भाडं द्यायचं, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवाला बरोबर पायी चालणार, असं ठरलं. त्या रात्री जवळ जेवण असूनही पाणी मिळालं नाही म्हणून मुलं उपाशी राहिली.

आमच्या भागातली मुलं मसूर ओळखतात. कोरेगाव, रहिमतपूर, तारगाव, मसूर ही स्टेशनं त्यांना पाठ आहेत. फळ्यावर रेल्वेचा रूळ काढला, पुढचा बैलगाडीचा रस्ता काढला आणि वाटेवर पाणी कुठे कुठे असेल तिथे खुणा करायला सांगितल्या. नकाशा पाण्यानं भरला. विहिरी, ओढे, नदी. "एवढं पाणी होतं, मग मुलं तहानलेली का?" हा प्रश्न मला विचारावाच लागला नाही.

मग वर्गाला विचारलं, स्टेशनमास्तर चांगला की वाईट? दोन गट पडले. एक गट म्हणाला, चांगला, कारण शेवटी गाडी त्यानंच जमवून दिली. दुसरा म्हणाला, वाईट, कारण तो आधी निघून गेला आणि नंतर दुप्पट भाड्याला राजी झाला. वाद रंगला. खिडकीजवळचा तो मुलगा एवढा वेळ गप्प होता. एकदम म्हणाला, "पण त्यानं आधी विचारलंच कशाला, तुम्ही कोण म्हणून? पोरं आहेत, एकटी आहेत, एवढं बस होतं की."

वर्ग शांत झाला. कुणी हसलं नाही. मी त्याचं वाक्य फळ्यावर लिहिलं आणि वाद तिथून पुढे नेला. 'आडनाव काय?' हा प्रश्न आपण कुणाला, कधी आणि कशासाठी विचारतो? घर भाड्यानं देताना, लग्न ठरवताना, वर्गात नवा मुलगा आल्यावर. उदाहरणं मुलांनीच दिली. एक जण प्रामाणिकपणे म्हणाला, "आमच्या घरी मित्र आला की आजी विचारते." या खेपेला नजर पोत्यावर नव्हती, विचारणाऱ्यावर होती.

तिसरा तास शाळेच्या पाण्याचा आणि झाडूचा. गटागटानं आठवडाभर नोंद ठेवायची. वर्ग कोण झाडतं? शिक्षकांना पाणी कोण नेऊन देतं? स्वच्छतागृह कोण धुतं? खिचडी वाढायला कोण उभं राहतं? कुणाचीही जात विचारायची नाही, लिहायची नाही. फक्त काम आणि किती वेळा. तक्ता भरल्यावर मुलांच्या लक्षात आलं की झाडू बहुतेक वेळा मुलींच्या हातात आहे आणि पाण्याचा तांब्या ठरावीक चार मुलांच्याच. वर्गशिक्षक अस्वस्थ झाले, पण त्यांनी तक्ता भिंतीवर लावू दिला आणि पुढच्या आठवड्यापासून पाळ्या बदलल्या. याचं श्रेय मी त्यांना देते.

चौथ्या तासाला 'का?'ची पेटी केली. बुटाचा खोका, वर चीर. प्रत्येकानं मोठ्या माणसांना विचारायचा एक प्रश्न नाव न लिहिता टाकायचा. प्रश्न मुख्याध्यापकांनी स्वतः वाचून दाखवायचे, अशी माझी अट होती. 'सर मोबाइल वापरतात, आम्ही का नाही?' असे प्रश्न होतेच. 'मुलींना कबड्डीला का घेत नाहीत?' हा होता. आणि एक होता, 'शिष्यवृत्तीची नावं सगळ्यांसमोर का वाचता?' तो वाचताना सर क्षणभर थांबले. पुढच्या महिन्यात मी चौकशी केली तेव्हा कळलं की आता फॉर्मसाठी पालकांना कार्यालयात बोलावतात, वर्गात नावं पुकारत नाहीत. माझ्या लहानपणी हा प्रश्न विचारायला खोका नव्हता.

वेळ उरला म्हणून महाडची गोष्ट सांगितली. १९२३ साली मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं असल्याचं जाहीर केलं. तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो लोक घेऊन तिथे जावं लागलं, त्याच वर्षी नगरपालिकेनं ठराव मागे घेतला आणि उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूनं यायला १९३७ उजाडलं. मुलांना विचारलं, ठराव होता तर पाणी का मिळालं नाही? मग वर्गानं स्वतःच्या पाण्याच्या पिंपासाठी दोन नियम केले आणि तिसरा असा की पहिले दोन पाळले जातात की नाही, हे दर शनिवारी वेगवेगळे दोघे तपासतील. राज्यघटनेत सतरावं कलम आहे, पण ते पाळलं जातंय का हे तपासणारं कुणीतरी लागतं, हे यापेक्षा सोप्या भाषेत मला सांगता आलं नसतं.

सगळं गोड झालं, असं मी म्हणणार नाही. 'पोतं' हे नाव पूर्ण गेलेलं नाही. त्याच्या आईनं सांगितलं, रागावली की पोरं अजून म्हणतात. तो आता रोज शाळेत जातो, एवढंच मी खात्रीनं सांगू शकते. चार तासांनी जात जात नाही. पण एका तासानं केवढी जखम होऊ शकते, हे मी बघितलं आहे.

म्हणून ७ नोव्हेंबर आणि १४ एप्रिलच्या आधी माझी सगळ्या कार्यकर्त्यांना, शिक्षकांना, विहारात वर्ग घेणाऱ्या ताया-दादांना विनंती आहे. कोणतीही कृती घेण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. या खोलीत ही कृती कुणासाठी नाटक आहे आणि कुणासाठी रोजचं जगणं? कृती चालू असताना सगळ्यांची नजर कुणावर असेल, सोसणाऱ्यावर की सोसायला लावणाऱ्यावर? आणि तास संपल्यावर काही बदलणार आहे का, निदान शाळेतला एखादा तांब्या, झाडू किंवा यादी? तिन्ही उत्तरं नीट येत नसतील तर कृती घेऊ नका, नुसतं पुस्तक वाचून दाखवा. चांगलं चित्रपुस्तक स्वतःचं काम स्वतः करतं.

आणि कुणाचाही फोटो काढण्याआधी थांबा. अस्पृश्यतेचा इतिहास समजावण्यासाठी आपल्या मुलांना पुन्हा जमिनीवर बसवायची गरज नाही. त्यांना बाकावर बसू द्या आणि तिथून प्रश्न विचारू द्या. सातारच्या शाळेतल्या त्या मुलानंही तेच केलं होतं, आणि त्याच्या वाट्याला तर बाकही आला नव्हता.

जय भीम!